पाण्याची वाट

डोंगरावरचा ओढा एका भोकात गडप व्हायचा आणि खाली गावात झरा होऊन निघायचा. यंदा मात्र झरा ठणठणीत कोरडा पडला. "पुस्तकात डोकं घालून पाणी सापडत नाही, चला!" म्हणत मिलोयका बाईंनी वर्गाला वर नेलं आणि पोरांनाच त्या भोकात हिरवा रंग ओतायला लावला. आता पाणी जिथं निघेल, तिथं हिरवंच निघणार होतं.

"अगं, पाण्यानं वाट बदलली, त्याला कोण काय करणार?" बाईंच्या शेजारचा विदाक राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पेला भरत त्यांना हसून म्हणाला. "मीसुद्धा टँकरचंच पितो. तुझ्या लेकीची शपथ!"

बाईंनी विश्वास ठेवला. उद्या त्याच लेकीच्या बाप्तिस्म्याला विदाक धर्मपिता म्हणून उभा राहणार होता, आणि रीतीप्रमाणे तिला गुंडाळायचं पांढरंशुभ्र कापडही त्याच्याच घरून यायचं होतं.

दिवसभर पोरं कोरड्या झऱ्याशी डोळे लावून बसली. हिरवा थेंबही दिसला नाही. हिरमुसलेल्या बाई संध्याकाळी उद्याचं विचारायला म्हणून विदाकच्या फाटकाशी आल्या.

अंगणात दोरीवर ते कापड नुकतंच धुऊन वाळत घातलं होतं. हिरवंगार.