बिनधुराचा बंब

भिकुबाईने नव्या बंबात आणखी एक मूठ गोळ्या टाकल्या आणि धुराड्याकडे मान वर करून पाहिलं. सकाळचं आभाळ स्वच्छ होतं. आत जाळ घुमत होता, पाणी सणसणायला लागलं होतं, आणि धुराचा एक दोराही नव्हता.

तिला हसूच आलं. काय अजब वस्तू आणली होती पोराने! काल योगराज धुळ्याहून टेम्पोत घालून हा बंब घेऊन आला, परसात बसवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. याला लाकूड लागत नाही. कपाशी निघाल्यावर ज्या पऱ्हाट्या लोक शेतातच पेटवून मोकळे होतात, त्याच दळून, दाबून केलेल्या या बोटभर गोळ्या. एवढ्याशा गोळ्यांत बंबभर पाणी, आणि राख उरते चिमूटभर. जुना बंब म्हणजे बकासूर. सरपण खायचा इथे आणि धूर ओकायचा भिंतीपलीकडे.

भिंतीपलीकडे भागाबाई राहायची, तिची धाकटी जाऊ. या धुरापायीच दोघींचं बोलणं बंद झालं होतं. भागाबाईची भिंत काळी, वाळत घातलेले पापड काळे, आणि तोंड तर विचारूच नका. “अक्काना बंब माले मारीसनच ऱ्हाई,” असं ती गल्लीभर सांगत फिरायची.

काल ती नशिराबादला लग्नाला गेली होती आणि रात्री उशिरा परतली, म्हणून तिला या बंबाचा पत्ताच नव्हता. पण गल्लीत बातमी किती वेळ लपणार? आज ती येईल, बघेल आणि निमूटपणे म्हणेल, की अक्का, तू जिंकलीस. एवढं एक वाक्य ऐकायला भिकुबाईचा जीव आसुसला होता.

पुढच्या दारावर थाप पडली.

“अक्का! वो अक्का!”

भागाबाईच! भिकुबाईचा ऊर भरून आला. पण हाकेसरशी उठेल ती थोरली जाऊ कसली? तिने पदराने बंबाचा पत्रा पुसला. थापा वाढल्या. तिने पुन्हा पुसला. झुरू दे जरा.

मग कडी तुटल्याचा आवाज आला. भागाबाई अनवाणी धावत परसात शिरली. मागोमाग तिचा मुलगा अभिमन, हातात पहार. भिकुबाईला धडधाकट बसलेली पाहून भागाबाई मटकन खाली बसली आणि धाय मोकलून रडायला लागली.

“काय व्हयनं वं? दरवाजा कसाले तोडा?” भिकुबाई घाबरून उठली.

भागाबाईने पदराने नाक पुसलं. नव्या बंबाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

“आग लागो तुना बंबले! रोज मी धूर देखस, अक्का उठनी म्हनस, मंगच मी चहा ठेवस.”