फोन चालू राहू दे

“बाबा, बोलत राहा. गप्प नको बसू.”

“बोलतोय. किती लांब आहे तो?”

“वीस-पंचवीस पावलं. मी थांबले की तोपण थांबतो.”

हिरूने फोन कानाला घट्ट दाबला. रात्रीचे साडेनऊ झाले होते. पाड्यात दिवे विझले होते. घरात रेंज येत नसे म्हणून तो रोज रात्री शेतातल्या विहिरीवर येऊन बसायचा. त्याची बायको सुषमा वारली त्याला चौथा महिना होता. एकुलती एक पोरगी मुंबईत नर्सिंग शिकत होती. महिनाभर संध्याकाळची ड्युटी आहे, असं तिने कळवलं होतं; दवाखान्यापासून होस्टेलपर्यंत पंधरा मिनिटं एकटीने चालावं लागायचं. तेवढा वेळ फोन चालू ठेवायचा, असं रविनानेच ठरवलं होतं.

या पोरीच्या वाट्याला रोज काहीतरी यायचंच. परवा गल्लीतले दिवे गेले. काल एक दारुडा आडवा आला. आज हा मागे.

“रस्त्याच्या मधून चाल,” हिरू म्हणाला. “कडेने नको. आपण जंगलातून येताना बोलत, खाकरत येतो ना, तशी मोठ्याने बोल. एकटी नाही हे त्याला कळू दे.”

“मी नाही, तू मोठ्याने बोल. मी स्पीकर चालू केलाय.”

“मग तू एवढी हळू का बोलतेस?”

“तो ऐकेल ना.”

“गाड्यांचा आवाज कसा नाही?”

“आतली गल्ली आहे, बाबा. सगळी गोडाऊन. बंद.” मग तिने विचारलं, “तू उभा आहेस की बसलास?”

“कठड्यावर बसलोय.”

“उभा राहा. बसून तुझा आवाज दबतो. अंगणातून लाहूकाकाला हाक मारतोस तसा काढ.”

हिरू उतरून उभा राहिला. घसा साफ करून ओरडला, “ए रविना, मी नाक्यावरच आहे. चौघं आहोत आम्ही. ये तू.” त्याचा आवाज शेतावरून लांब गेला. कुठेतरी टिटवी उठली.

“गेला काय?”

“नाही. जवळ आला.”

तो जन्मात एकदाच मुंबईला गेला होता, आणि तेव्हाही डहाणूला गाडीत चढल्यापासून त्याने सुषमाची पिशवी सोडली नव्हती. त्या गावात पोरगी आता एकटी चालत होती, आणि तो तळासरीच्या डोंगराखाली हातात फोन धरून उभा होता.

“पोलिसांना लाव. एकशेबारा.”

“लावला तर तुझा फोन कट होईल. बाबा, मला भीती वाटते. तू फोन ठेवू नको.”

“ठेवत नाही. मरेपर्यंत ठेवत नाही.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“रविना?”

“आहे,” ती म्हणाली. “बाबा, बुधीआत्याकडे जा. उमेशदादाला फोनवर घे. दोन-तीन माणसांचे आवाज आले तर हा पळेल. आत्ता जा. चालू नको, पळ.”

बुधीबाई त्याची थोरली बहीण, उमेश तिचा मुलगा. तिच्या अंगणात रेंज यायची, पण मधल्या वाटेवर यायची नाही. हिरू बांधावरून निघाला. ओढ्याजवळ रविनाचा आवाज तुटला. “बाबा, तो आता...” एवढंच ऐकू आलं.

मग तो पळाला. एकावन्न वर्षांचा माणूस, अंधारात, कापलेल्या भाताच्या खुंटांवरून पळाला. एकदा पडला. फोन हातातून सुटू दिला नाही.

बुधीबाईच्या ओटीवर दिवा होता. ती जागीच होती.

“उमेश कुठंय? पोरीच्या मागे माणूस लागलाय.”

“उमेश, ऊठ,” बुधीबाई म्हणाली. तिने भावाच्या पायांकडे पाहिलं. पाय अनवाणी होते आणि एका अंगठ्यातून रक्त येत होतं. “चपला?”

“विहिरीवर काढून ठेवल्या होत्या. राहिल्या.”

ती विहिरीच्या दिशेने एकदा बघून उठली. पाण्याचा तांब्या आणायला आत गेली.

फोन पुन्हा लागला. उमेशने तो हातात घेतला आणि अख्खा पाडा जागा होईल अशा आवाजात त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या. हिरूही ओरडला. आतून बुधीबाईनेही दोन शिव्या घातल्या.

“पळाला,” रविना म्हणाली. “खरंच पळाला. बाबा, मी फाटकापाशी आले. वॉचमनने उघडलं.”

हिरू ओटीवर खाली बसला.

“आत गेलीस?”

“गेले. तू जेवलास?”

“नाही अजून.”

“आत्याकडे जेव आणि तिथेच झोप. पहाटे पाचला पुन्हा ड्युटी आहे. निघताना फोन करीन. तुझ्या घरात लागत नाही. उचलशील ना?”

“उचलीन. न उचलून कसं चालेल?”

बुधीबाईने नागलीची भाकर आणि सुकटीचं कालवण पुढे ठेवलं. हिरू जेवला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने भाकर मागून घेतली. “मी नसतो तर आज काय झालं असतं पोरीचं?” तो म्हणाला.

“तेच तर,” बुधीबाई म्हणाली, आणि त्याची चटई दाराला आडवी टाकली.

मुंबईत, होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर, रविनाने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं. तिची ड्युटी दुपारी चारलाच संपली होती आणि आठला फाटक बंद झाल्यापासून ती खाटेवरच होती. बाबा रात्री एकटाच विहिरीत बघत बसतो, असं आत्याने कळवल्यापासून ती रोज असंच काहीतरी रचायची.

शेजारच्या खाटेवरून निलमने हळूच विचारलं, “आज किती वेळ लागला?”

“सोळा मिनिटं.”

“उद्या काय सांगणार?”

रविनाने डोळे पुसले आणि पाचचा गजर लावला.

“उद्या कुत्री मागे लावते,” ती म्हणाली. “बाबा विहिरीवरून लवकर उठेल.”