नळीखालचं वजन

"सगळं काढून टाक," पिस्तूल काउंटरवर ठेवत ऑर्विल म्हणाला.

लोरेटा हुडाकने चष्मा कपाळावर सरकवला. "सगळं म्हणजे?"

"नळीखालचं टंगस्टन. एकही तुकडा ठेवू नकोस."

"शनिवारी स्पर्धा आहे, म्हाताऱ्या. आणि दरवर्षी माझ्या डोक्यावर बसून तूच ते घालून घेतलंस."

"म्हणून काढायलाही तुझ्याकडेच आलो. दुसरीकडे गेलो असतो तर गावभर बोंबलली असतीस."

"असतेच."

लोरेटाचं पिस्तुलं दुरुस्त करायचं दुकान एरी सरोवराच्या काठी होतं, मासेमारीची आमिषं विकणाऱ्या दुकानाला लागून. वडिलांमागे तिने ते चालवलं. त्या काळी उन्हाळ्यात कुठून कुठून नेमबाज आमच्या किनाऱ्यावर येत, आणि त्यांतल्या निम्म्यांची पिस्तुलं एकदा तरी तिच्या हाताखालून जात. कुणाला मूठ घासून हवी असे, कुणाला चाप हलका करून. बहुतेकांना मात्र वजन हवं असे. पिस्तूल जड असलं की हाताची थरथर त्यात बुडून जाते. आधी शिसं वापरत, मग टंगस्टन आलं. खडूएवढा करडा तुकडा, पण तळहातावर ठेवला की मनगट खाली जाई.

ऑर्विल ब्लाहा वजन मागायला पहिल्यांदा आला तो त्याची बायको ऍग्नेस गेली त्या वसंतात. मार्चमध्ये गोठलेल्या सरोवराच्या पातळ बर्फावर त्याने तिच्यासकट ट्रक घातला होता. ती नको म्हणत होती, असं तिची बहीण नंतर सांगे. बर्फ फुटला. ऑर्विल वर आला, कडेला पालथा पडला, त्याने तिचं मनगट धरलं आणि ते सुटलं. "ओला कोट फार जड होता," एवढंच तो बोलला. चर्चमध्ये कुणी त्याला जास्त विचारलं नाही. बायांनी महिनाभर त्याच्या दाराशी पिरोगींचे, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचे, डबे ठेवले.

"नेम धरला की नळी आपोआप वर जाते," तो तेव्हा लोरेटाला म्हणाला होता. तिला वाटलं, धक्का बसलाय, नसा बिघडल्यात. तिने नळीच्या टोकाखाली एक तुकडा बसवून दिला. नळी जागेवर राहू लागली. पुढच्या वर्षी ती पुन्हा उचलू लागली, मग आणखी एक तुकडा. मग आणखी. ऑर्विल जिंकू लागला. शेवटी शेवटी ते पिस्तूल लोरेटाला एका हाताने धरवेना, आणि सत्तरीतला ऑर्विल हात लांब करून ते धरून उभा राही. नळी तसूभर हलत नसे.

गेल्या हिवाळ्यात याच काउंटरवर कॉफी पिताना त्याने सांगितलं होतं.

"माझ्या मनगटाखाली एक हात असतो, लोरेटा. बारका. गार."

"कुणाचा?"

"ऍग्नेसचा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"तिला तर पिस्तुलाचा आवाजसुद्धा सोसत नव्हता."

"तरी येते. एवढं वजन मला एकट्याला पेललं असतं का? ती खालून आधार देते."

लोरेटाने तेव्हा त्याला आणखी कॉफी ओतली होती. पण आज तिने विचारलं, "मग आता काय बिघडलं?"

"ती दमलीय." ऑर्विलने टोपी काढून हातात धरली. "हल्ली तिचा हात कापतो. सगळा जोर लावते, मला कळतं ना. मेल्यावरही बाईला ओझं वाहायला लावलंय मी."

"आणि शनिवारी हरलास म्हणजे?"

"हरेन. कप ठेवायला घरात जागा नाही तशीही. पण दमून ती यायचीच बंद झाली, तर मी काय करू ते सांग."

लोरेटाने तोंड फिरवलं आणि पेचकस शोधायचं निमित्त केलं. मग एकेक स्क्रू सोडवून तिने करडे तुकडे फडक्यावर मांडले. प्रत्येक तुकडा ठेवताना फळी दणकत होती. पिस्तुलात गोळी नाही हे तिने वडिलांनी शिकवल्याप्रमाणे दोनदा पाहिलं, घोडा चढवला आणि पिस्तूल त्याच्या हातात दिलं.

"घे. पिसासारखं झालंय. भिंतीवर धरून बघ."

भिंतीवर त्यासाठी काळा ठिपका रंगवलेला होता. ऑर्विल भिंतीकडे उजवा खांदा करून उभा राहिला, डावा हात खिशात घातला, उजवा उचलला. तर्जनी चापाच्या बाहेर, सरळ ठेवली होती. जुन्या नेमबाजाची सवय.

"आली?" लोरेटाने विचारलं, आणि विचारलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आली." त्याचा चेहरा सैल झाला. "बघ, आता तिला किती सोपं जातंय."

नळी ठिपक्यावर आली. तिथे थांबली नाही. ठिपक्याच्या वर गेली आणि ऑर्विलचं कोपर दुमडू लागलं. लोरेटाला त्याच्या दंडाची शीर ताणलेली दिसली. मनगटाच्या खालच्या बाजूची कातडी पांढरी पडून आत दबली होती, चार बोटांच्या रुंदीची.

"ऑर्विल, खाली घे."

"घेतोय," तो म्हणाला. "घेतोय गं."

नळी सावकाश वळत त्याच्या छातीवर येऊन टेकली. त्याची तर्जनी अजून बाहेर, सरळच होती. चाप मागे गेला आणि रिकाम्या पिस्तुलाचा खटका पडला.