पाहुण्यापुढे रडायचं नाही

“आज एक टिपूस जरी गाळलंस, तर उद्या बंदरावर उभी करून विकून टाकीन,” घरची मालकीण दोना व्हियोलांत म्हणाली. “माणसांच्या घरात पाहुण्याचं हसून स्वागत करतात. हस बघू.”

अपोलोनिया हसली. तीस वर्षांत तिला ते जमू लागलं होतं.

ब्राझीलच्या किनाऱ्यावरून तिला धरून लिस्बनला आणलं, या घरात विकत घेऊन दासी केलं, हे नावही इथलंच दिलं. तिच्या लोकांत लांबून कोणी आलं की बायका त्याच्या पायाशी बसायच्या, डोळ्यांवर हात धरून रडायच्या. किती चाललास रे, किती सोसलंस! मग विचारायच्या, ‘आलास?’ तो ‘आलो’ म्हणाला की आला. कोणी रडलंच नाही, तर दारात उभा असलेला माणूसही अजून वाटेवरच.

इथे आल्या वर्षी ती जेवायला आलेल्या पाद्रीबाबांच्या पायाशी बसून रडली. त्यांनी भूत उतरवायला पाणी शिंपडलं, बाईसाहेबांनी काठी काढली. बाईसाहेबांचा लहानगा गाश्पार पुढे कितीतरी दिवस तिच्या रडण्याची नक्कल करून दाखवायचा. आम्ही शेजारीपाजारी पोट धरून हसायचो. आम्ही सुधारलेली माणसं ना!

तोच गाश्पार आज बारा वर्षांनी ब्राझीलहून परतला. आईनं मुके घेतले. आम्ही सगळे हसलो. अपोलोनियाही स्वयंपाकघराच्या दारात हसत उभी राहिली, हात पाठीमागे घट्ट धरून.

गाश्पार अंगरखा न काढता तसाच उभा राहिला. ताटातले मासे निवत चालले.

“बस ना रे, कोणाची वाट बघतोस?” आई म्हणाली.

“आई, तिकडे गावोगावी बायका माझ्यासाठी रडल्या. हिच्यासाठी इथे कोण रडलं?”

तो गेला आणि अपोलोनियाच्या पायाशी जमिनीवर बसला. डोळ्यांवर हात धरून रडू लागला. आम्हाला वाटलं, जुनी नक्कल. आम्ही खो खो हसलो. हसता हसता एकेक जण गप्प झाला, कारण त्याच्या बोटांमधून खरंच पाणी येत होतं.

मग त्यानं तिच्या भाषेत विचारलं, “आलीस?”

ती भाषा तिनं तीस वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. पाठीमागचे हात सुटले आणि डोळ्यांवर गेले. बाईसाहेब समोरच होत्या.

“आले,” अपोलोनिया म्हणाली.