जोडलेली यंत्रं: एक

सकाळपासून सर्व्हरचा कर्नल, म्हणजे त्याच्या सिस्टिमचा गाभा, पाच वेळा नव्याने कंपाइल करून इंजिनिअरचं डोकं पार उठलं होतं. पहिल्यांदा फाइल शेअरिंगचा पर्याय निवडायलाच तो विसरला होता. पुढच्या चारही वेळा आठवणीने निवडला, तरी सर्व्हरचं आपलं एकच पालुपद: या कर्नलमध्ये शेअरिंगची सोय नाही.

आणि तरीही जोडलेल्या यंत्रांच्या यादीत एक यंत्र दिसत होतं.

त्याने खालच्या मजल्यावरच्या सहकाऱ्याला फोन लावला. "तुला आत्ताच जोडायला कुणी सांगितलं रे?"

"मी कुठे जोडलंय? माझं मशीन अजून बंद आहे, बाबा."

दर प्रयत्नानंतर निकालाची एक ओळ लिहून ठेवायची त्याची सवय होती. चरफडतच त्याने नोंदींची फाइल उघडली. पाच ओळी त्याने लिहिलेल्या होत्या. सहावीही त्याच्याच त्रासिक भाषेत होती, पण ती त्याने लिहिली नव्हती: "केबल उपटली. ढिम्म फरक नाही."

"कुणाला मस्करी सुचतेय?" असं ओरडत त्याने खरोखरच सर्व्हरची नेटवर्क केबल उपटली.

यादीतलं यंत्र ढिम्म हललं नाही.

त्याने तणतणत पुन्हा सहकाऱ्याचा नंबर लावला. तिकडे रिंग वाजत असतानाच फाइलमध्ये सातवी ओळ उमटली: "पुन्हा फोन केला. मीच उचलला."

रिंग थांबली.

"आता काय?" पलीकडून त्याचाच वैतागलेला आवाज आला. "किती वेळा सांगू, मी जोडलेलोच आहे!"