सदऱ्याचा वास

ठाण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवून दटावल्यावर धाकूनं एकवीरेची शपथ घेऊन बिडी सोडली. पण त्याच्या बायकोला, जनीला, ते पटेना. सोडली म्हणे! मग उजाडताच हा खाडीवर का पळतो? सदरा हुंगला, तर तंबाखूचा वास. आज ती दबकत मागोमाग गेली. धाकू होडीत पाठमोरा बसलेला. तिनं झडप घालून त्याच्या मुठी उघडल्या. रिकाम्या! “देवीला फसवतोस? मेलास तर पोरं कुणाच्या दारात बसवू? सदऱ्याला वास कुठून येतो, बोल!” “घरातून,” धाकू खाडीकडं बघत म्हणाला. “रोज तू तव्यावर मिश्रीसाठी तंबाखू भाजतेस ना, तो वास आला की जीव कासावीस होतो गं. म्हणून पळतो. तुझी एवढीच चैन, बंद कर कसं म्हणू?” जनीच्या दातांवर अजून मिश्री होती. वाकून तिनं खाडीच्या पाण्यानं खळखळून चूळ भरली.