नुसती दाखवलेली साखर

सुनेने कलिंगडाच्या फोडी मिक्सरमधून काढल्या, त्यात लिंबं पिळली, पुदिना कुस्करून टाकला आणि गारेगार ग्लास एकेकाच्या हातात दिले. सासऱ्यांनी एका दमात ग्लास रिकामा केला. नवऱ्याने तर लगेच दुसरा मागितला.

सासूबाईंनी मात्र एक घोट घेतला आणि नाक मुरडलं.

"अगं, किती लिंबं पिळलीस! दात आंबले माझे. आणि साखर काय नुसती दाखवलीस?"

सगळे जागच्या जागी थबकले. सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हातातला जग तसाच खाली ठेवून तिने सासूबाईंना घट्ट मिठी मारली.

"आई, परत म्हणा ना!"



तापात गेलेली सासूबाईंच्या तोंडाची चव कित्येक महिन्यांनी आज परत आली होती.